मैलापाण्यातली औषधं आणि जिवाणूंची भूक



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते चिठ्ठीवर औषधं फार कमी लिहीत, असं दुपारपासून मला इथल्या तिघाचौघांनी सांगितलं. एकानं ते तक्रारीच्या सुरात सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं, कारण आजचा माझा विषय त्यांना आवडला असता. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानात जाते, दुकानातून गोळी घरी येते, घरातून पोटात जाते. इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक असतं. मी बोलणार आहे ते त्यापुढचं. संडासात पाणी ओतलं की आपल्या दृष्टीनं जो विषय संपतो, तिथून माझा सुरू होतो.

गोळी शरीरात काम करून संपून जाते, अशी आपली समजूत असते. काही औषधांबाबत ती बरीचशी खरी आहे. पण पुष्कळ औषधं यकृतात थोडीशीच बदलतात. त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं, त्यामुळे ती पाण्यात सहज विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. काही औषधं तर मुळीच न बदलता बाहेर येतात. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकू नका असं आपण लोकांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण मैलापाण्यातल्या औषधांत मोठा वाटा टाकून दिलेल्या गोळ्यांचा नसतो. तो वेळच्या वेळी, सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या गोळ्यांचा असतो.

हे पाणी नशिबानं शुद्धीकरण केंद्रात पोचलं, तर तिथं काय होतं? जाळ्यांत कचरा अडतो, वाळू खाली बसते आणि पाणी एका मोठ्या टाकीत येतं. तिथं ब्लोअर तळातून हवा सोडत असतात आणि तपकिरी गाळ सतत घुसळला जातो. टाकी नीट चालत असेल तर तिच्याजवळ दुर्गंधी येत नाही, ओल्या मातीचा वास येतो. हा गाळ म्हणजे जिवाणूंचे पुंजके. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम इथं एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मांडली. त्यांनी बाटल्यांत मैलापाणी भरलं आणि त्यात हवा सोडत राहिले. त्यातल्या सगळ्या अमोनियाचं नायट्रेट व्हायला पाचेक आठवडे लागले. मग त्यांनी वरचं निवळ ओतून दिलं, तळचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं मैलापाणी घातलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर लागणारा वेळ घटत गेला, आणि शेवटी एका दिवसाच्या आत काम होऊ लागलं. आपल्या घरी विरजण राखून ठेवतात, तेच हे. त्यांना ही दिशा दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होऊन आले. म्हणजे ही विद्या आपल्या देशात लवकर आली. पसरली मात्र फार सावकाश.

त्या बाटल्यांसमोर उभ्या असलेल्या दोघांच्या मनात औषधं नव्हती. त्यांना दुर्गंधी, कुजणारं द्रव्य आणि अमोनिया घालवायचा होता. आजही आपल्या शुद्धीकरण केंद्रांचे, म्हणजे एसटीपींचे, निकष याच गोष्टी मोजतात: सेंद्रिय द्रव्याची मापं असलेले बीओडी आणि सीओडी, तरंगते कण, फार तर नायट्रोजन आणि विष्ठेतले जिवाणू. औषधांसाठी त्या तक्त्यात रकानाच नाही.

आता आकार लक्षात घ्या. एका लिटर मैलापाण्यात जिवाणूंच्या उपयोगाचं सेंद्रिय द्रव्य बीओडीच्या मापानं दोन-अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. कार्बामाझेपीनसारखं औषध एखाद्या मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्याच्या लाखो पटींनी कमी. एवढ्या कणावर कुठलाही जिवाणू पोट भरू शकत नाही. त्याच्यासाठी त्याला खास विकर बनवण्याचंही कारण नाही. दुसरं काही खाताना त्याच्या विकरांच्या तडाख्यात औषधाचा रेणू सापडला तर सापडला. जिवाणू पाणी स्वच्छ करत नाहीत, ते जेवत असतात, आणि पाणी स्वच्छ होणं हा त्यांच्या जेवणाचा परिणाम आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सगळे विचित्र आकडे समजतात.

सोप्या औषधापासून सुरुवात करू. तापासाठी घरोघरी घेतली जाते ती पॅरासिटामॉल. मैलापाण्यात ती इतर औषधांच्या मानानं भरपूर असते आणि चांगल्या केंद्रात नव्वद टक्क्यांहून जास्त नाहीशी होते. अमायडेझ नावाचं विकर तिचा एक बंध पाण्याच्या साहाय्यानं तोडतं. एका बाजूला अ‍ॅसिटेट सुटतं, आणि ते तर जवळजवळ प्रत्येक जिवाणूच्या आवडीचं. दुसऱ्या बाजूला पॅरा-अमिनोफिनॉल उरतं. त्याचं हायड्रोक्विनोन होतं, मग बेंझीनचं कडं उघडतं, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडा अमोनिया राहतो. इथं औषध खरोखर संपतं. आयबुप्रोफेनचंही बहुधा असंच होतं. २००५ मध्ये सांडपाणी केंद्रातून वेगळा काढलेला स्फिंगोमोनास जातीचा एक जिवाणू तर आयबुप्रोफेनवर वाढतो. तो रेणूची आम्लाची शेपटी आधी काढतो आणि मग कडं फोडतो. अ‍ॅस्पिरिनपासून होणारं सॅलिसिलिक आम्ल झाडांमध्ये मुळातच असतं, त्यामुळे ते जिवाणूंच्या युगायुगांच्या ओळखीचं आहे.

मग येते अपस्माराच्या रुग्णांची कार्बामाझेपीन. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य दुखण्यावरही ती देतात. १९९८ मध्ये थॉमस टर्नेस यांनी जर्मनीतल्या केंद्रांमधली आणि नद्यांमधली बत्तीस औषधं तपासली, तो निबंध या क्षेत्रात आजही पहिल्यांदा वाचला जातो. त्यात कार्बामाझेपीन घटलेली आढळली फक्त सात टक्के. पुढं जगभर हेच दिसलं, आणि काही ठिकाणी त्याहून चमत्कारिक प्रकार दिसला. केंद्रात जितकी आली, त्याहून जास्त बाहेर पडली. मोजणारे चुकले नव्हते. यकृतानं ग्लुकुरॉनिक आम्ल, म्हणजे साखरेचंच एक रूप, जोडून पाठवलेलं औषध आत येताना यंत्राला मूळ औषध म्हणून दिसत नाही. टाकीतल्या जिवाणूंना त्या जोडलेल्या साखरेचीच गरज असते. ते साखर तोडून घेतात आणि औषध मोकळं करून सोडून देतात. यकृतानं केलेलं काम केंद्र उलटवतं. सल्फामेथॉक्साझोल या प्रतिजैविकाचं अ‍ॅसिटिल रूपही असंच परत फिरतं. कार्बामाझेपीन इतकी चिवट आहे की एखाद्या विहिरीत किंवा ओढ्यात मैलापाणी मिसळतं आहे का, हे शोधायला शास्त्रज्ञ तिचाच माग काढतात. पाण्यात ती सापडली म्हणजे ते पाणी कुणाच्या तरी शरीरातून आलेलं आहे.

म्हणून केंद्राच्या अहवालात एखादं औषध 'नव्वद टक्के निघालं' असं वाचलं, तर त्यातून एवढंच कळतं की आत येताना जो रेणू मोजला, तो बाहेर जाताना तितका सापडला नाही. तो पूर्ण मोडला, अर्धा मोडला, की गाळाला चिकटून बसला, हे त्या आकड्यात नसतं. एका औषधाच्या बाबतीत हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते औषध या सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या खिशात असेल.

ते म्हणजे मेटफॉर्मिन. १९२२ मध्ये डब्लिनमध्ये हा रेणू पहिल्यांदा बनवला गेला आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहासाठी त्याचा वापर केला. आज मधुमेहाची सुरुवातीची गोळी म्हणजे हीच. तिचं वैशिष्ट्य असं की शरीर तिच्यात जवळजवळ काहीच बदल करत नाही. शोषली गेलेली मेटफॉर्मिन मूत्रपिंडातून तशीच बाहेर येते, न शोषलेली विष्ठेतून. आणि डोस मोठा असतो, पाचशे मिलिग्रॅमपासून दोन ग्रॅमपर्यंत, रोज, आयुष्यभर. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनं २०२३ मध्ये भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात सांगितली. त्यातले समजा एकच कोटी लोक दिवसाला एक ग्रॅम घेत असतील, तर रोज दहा टन मेटफॉर्मिन संडासात जाते. एवढं वजन फार थोड्या औषधांचं असेल.

चांगली हवा मिळणाऱ्या टाकीत मेटफॉर्मिन नव्वद टक्क्यांहून जास्त नाहीशी होते. आकडा पाहून आनंद होतो. पण टाकीतून बाहेर पडणारं पाणी तपासलं की तिच्या जागी ग्वानिलयुरिया सापडतो. म्हणजे जिवाणूंनी मेटफॉर्मिनचा डायमिथिलअमीनचा तुकडा तोडून घेतला आणि उरलेला रेणू पाण्यात सोडला. जर्मन संशोधकांनी २०११ च्या सुमारास हे दाखवलं. मग बरीच वर्षं ग्वानिलयुरिया ही शेवटची पायरी समजली जाई, पुढं कुणी त्याला हात लावत नाही असं. नद्यांमध्ये काही ठिकाणी मेटफॉर्मिनपेक्षा तोच जास्त सापडू लागला.

२०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या लॅरी वॅकेट यांच्या गटानं एका स्यूडोमोनास जिवाणूमध्ये ग्वानिलयुरिया तोडणारं विकर दाखवलं. पुढच्या काही वर्षांत फ्रान्स, अमेरिका, चीन अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या गाळांतून मेटफॉर्मिनवर वाढणारे जिवाणू निघाले. मेटफॉर्मिन तोडणारं त्यांचं विकर दोन प्रथिनं एकत्र येऊन बनतं, त्याला काम करायला निकेल लागतं, आणि ज्या जनुकांपासून ते घडलं ती आधी दुसऱ्याच कामाची होती. ज्या रेणूशी जिवाणूंचा शंभर वर्षांपूर्वी संबंधच आला नव्हता, त्यासाठी इतक्या थोड्या काळात विकर तयार झालं. मला या विषयात यापेक्षा थक्क करणारं दुसरं काही दिसत नाही. आपण मधुमेहाच्या गोळ्या खात होतो, आणि आपल्या गटारांत एक नवं विकर उत्क्रांत होत होतं. यामागचं कारण वर सांगितलेलंच आहे: कार्बामाझेपीनच्या मानानं मेटफॉर्मिन भरपूर आहे, सतत येते, आणि तिच्यात नायट्रोजन खच्चून भरलेला आहे. ती खाणं परवडतं. मिलवॉकीतल्या प्रयोगांत एका लिटरला चाळीस मायक्रोग्रॅम मेटफॉर्मिन असलेल्या पाण्यात ठेवलेल्या नर माशांमध्ये अंड्यांच्या प्रथिनाचं जनुक काम करू लागलं. तेव्हा कुणीतरी ती खाल्लेली बरी.

डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं नाव घेतलं की आपल्याकडे मेलेली गिधाडं आठवतात. ती याच औषधानं मेली हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. पण गिधाडांपर्यंत ते मैलापाण्यातून पोचलं नव्हतं, मेलेल्या गुरांच्या मांसातून पोचलं होतं. या दोन वाटा एकमेकींत मिसळू नयेत. माणसांचं डायक्लोफेनॅक केंद्रात येतं, त्याच्या एका कड्यावर क्लोरीनचे दोन अणू असतात, आणि जिवाणू ते सहज सोडवू शकत नाहीत. म्हणून कुठे वीस टक्के घट, कुठे पन्नास, कुठे काहीच नाही. गुडघ्याला चोळायच्या जेलमधून त्वचेवाटे फार थोडं औषध आत जातं, सहा-सात टक्क्यांच्या आसपास. उरलेलं हात धुताना आणि आंघोळीला मोरीतून जातं. जेल लावून झाल्यावर हात आधी कागदानं पुसा आणि मग धुवा, हा सल्ला युरोपात दिला जातो. तो फुकट आहे, आणि मला तो फार आवडतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची गोष्ट वेगळी. झुरिकच्या केंद्रातल्या अभ्यासात ते पाण्यातून ऐंशी-नव्वद टक्के गेलेलं दिसलं, आणि बहुतेक सगळं गाळात सापडलं. ते मोडलंच नव्हतं. पाणी शुद्ध झालं, औषध मात्र एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेलं. स्वित्झर्लंडनं पुढं शेतात गाळ घालण्यावरच बंदी आणली, आणि तिथं गाळ जाळतात. आपल्याकडे वाळवलेला गाळ खत म्हणून देण्याचा प्रघात आहे.

घरांतून येणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनची कहाणी अशी. कारखान्यांची याहून भयंकर आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू इथं नव्वदच्या आसपास औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामाईक केंद्रात येत असे. २००७ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून शुद्ध होऊन बाहेर पडलेलं पाणी तपासलं, तेव्हा एका लिटरमध्ये एकतीस मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातल्या प्रमाणाहून ते जास्त होतं. म्हणजे ज्या जिवाणूंनी पाणी शुद्ध करायचं, तेच रात्रंदिवस प्रतिजैविकात बुडून जगत होते, आणि जे टिकले ते प्रतिकारक्षम होते. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं औषधनिर्मितीच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्यात या मर्यादा नव्हत्या. कारखान्याच्या नळाशीच हे रोखणं सर्वांत सोपं आहे. नदीत पसरल्यावर सगळंच महाग होतं.

मग आपल्या हातात काय आहे? टाकीत पाणी काही तास थांबतं, पण गाळ आर्डर्न आणि लॉकेट यांच्या बाटलीतल्यासारखा परत फिरवला जातो, म्हणून तो काही दिवस किंवा काही आठवडे टाकीत राहतो. हेच गाळाचं वय. अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. गाळ चार दिवसांत बाहेर काढला, तर ते वाहून जातात. ऑस्ट्रियातल्या अभ्यासांत दिसलं की गाळाचं वय दहा दिवसांच्या वर गेलं की बऱ्याच औषधांचा आणि संप्रेरकांचा निकाल चांगला लागतो. संप्रेरकांत गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्राडायॉलही येतं. ते किती कमी असून किती करू शकतं, हे कॅनडात ओंटारियोतल्या लेक २६० या तळ्यावर दिसलं. २००१ ते २००३ या काळात कॅरन किड यांच्या गटानं तिथं हे संप्रेरक एका लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम इतकं सोडलं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नर माशांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली वसाहत जवळजवळ नष्ट झाली. एवढ्या प्रमाणानं नळाचं पाणी पिणाऱ्या माणसाला काही होतं, असा याचा अर्थ नाही, आणि तशी भीती मी कुणाला घालणार नाही. मासा पाण्यात जन्मतो, वाढतो आणि तिथंच मरतो. त्याचा हिशोब वेगळा आहे.

म्हणून गाळाचं वय आणि हवा या दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवं, आणि नेमकं इथंच आपलं घोडं अडतं. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत तळघरात एसटीपी असतो. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवायचा मोह होतो, आणि मग सावकाश वाढणारे जिवाणू आधी मरतात. पावसाळ्यात पावसाचं पाणी मैलावाहिनीत शिरतं, टाकीतला मुक्काम आखडतो आणि गाळ वाहून जातो. पण हे सगळं टाकी आहे तिथलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. मुंबईत वरळी आणि वांद्रे इथलं पाणी वर्षानुवर्षं जाळ्या आणि वाळू एवढ्यावर थांबून लांब नळांतून समुद्रात जात राहिलं. जिवाणूंची टाकी तिथं नव्हतीच. तिथल्या कार्बामाझेपीनची आणि पॅरासिटामॉलची नियती एकच होती.

स्वित्झर्लंडनं २०१६ पासून मोठ्या केंद्रांना अशा सूक्ष्म प्रदूषकांसाठी आणखी एक पायरी सक्तीची केली, ओझोन किंवा सक्रिय कोळसा. त्यासाठी माणशी वर्षाला नऊ फ्रँकपर्यंत आकारणी होते. ड्यूबेनडॉर्फच्या नॉयगुट केंद्रात २०१४ पासूनच ओझोन चालू आहे. युरोपीय संघानं २०२४ च्या निर्देशात ही पायरी मोठ्या शहरांसाठी २०४५ पर्यंत करायला सांगितली, आणि तिचा किमान ऐंशी टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत. बिल कुणाच्या नावे फाडायचं, यावरचं हे भांडण मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही.

ओझोन कार्बामाझेपीनच्या दुहेरी बंधावर तुटून पडतो, डायक्लोफेनॅकही सोडत नाही. पण तोही औषधाचे तुकडे करून थांबतो, म्हणून त्याच्यामागं वाळूची गाळणी बसवतात. तिच्यातल्या जिवाणूंना आता ते तुकडे खाता येतात. मेटफॉर्मिनवर मात्र ओझोन फार मंद चालतो, आणि कोळशालाही ती आणि तिचा ग्वानिलयुरिया नीट चिकटत नाहीत, कारण हे रेणू पाण्यातच रमणारे आहेत. तिथं महागडं यंत्र कमी पडतं आणि काम टाकीतल्या जिवाणूंवरच येतं. मेटफॉर्मिनचा शेवटपर्यंत फडशा पाडणारे जिवाणू जगात आहेत, हे आता ठाऊक आहे. ते आपल्या गाळात रुजून राहायचे असतील, तर गाळाचं वय लांबवावं लागेल आणि ब्लोअर पहाटे तीन वाजताही चालू असावा लागेल. त्याचं वीजबिल महापालिकेच्या आणि सोसायट्यांच्या अंदाजपत्रकात कुणी धरायचं, यावर आपल्यात मतभेद असणार. ते प्रश्नोत्तरांत मांडावेत, म्हणून मी इथं थांबतो.